दर मिनिटाला एक बटण

जाग आली तेव्हा माझा गाल ब्रेकच्या दांड्यावर होता आणि शेजारच्या खुर्चीत एक अनोळखी माणूस बसला होता.

जागा म्हणाल तर खोट्या इंजिनाची केबिन. केबिन तशी खरीच, भंगारात निघालेल्या एका विजेच्या इंजिनाची कापून आणलेली. पण काचांच्या जागी पडदे होते, आणि पडद्यांवर धावणारे रूळ मी आणि माझ्या दोन सहकाऱ्यांनी चार वर्षं खपून बनवलेले. ड्रायव्हरांना शिकवायचं सिम्युलेटर. त्या दिवशी मी भोंगा तपासत होते. खऱ्या इंजिनात ड्रायव्हरनं मिनिटभर काहीच हालचाल केली नाही तर आधी पिवळा दिवा लागतो. बटण दाबलं नाही तर भोंगा वाजतो. तरीही कुणी दाद दिली नाही तर गाडी स्वतःच ब्रेक लावून उभी राहते. ड्रायव्हरला डुलकी लागली तर काय, म्हणून ही सोय. ती तपासता तपासता मलाच डुलकी लागली होती, भर दुपारी. आठवडाभर झोपेचं खोबरं झालं होतं, त्याला मी तरी काय करणार!

समोर पिवळा दिवा लागला. त्या माणसानं हात लांब केला, माझ्या कोपराला जराही धक्का न लावता बटण दाबलं, आणि दिवा विझला.

"तुम्ही... कधीपासून बसलाय इथे?" मी गाल चोळत विचारलं. गालावर दांड्याचा वळ उठला असणार, याची मला खात्री होती.

"हे चाळिसावं."

"चाळिसावं काय?"

"बटण. दर मिनिटाला एक."

"अहो, मग मला उठवायचं ना!"

"उठवणारच होतो," तो शांतपणे म्हणाला. "पण प्रत्येक वेळी वाटायचं... अजून एक मिनिट."

माझ्या भोंग्यानं माझी झोपमोड होऊ नये म्हणून कुणी चाळीस मिनिटं बटण दाबत बसेल, असं मला कधी स्वप्नातही वाटलं नव्हतं. मी नीट पाहिलं त्याच्याकडे. चौतीस-पस्तिशीचा असेल. इस्त्री केलेला गणवेश, दोन दिवसांची दाढी, आणि डोळ्यांखाली माझ्यासारखीच काळी वर्तुळं. मला उगाचच बरं वाटलं. तेवढीच आपल्याला सोबत!

"तुम्ही इथल्याच का?" त्यानं माझ्या गळ्यातलं ओळखपत्र वाचायचा प्रयत्न केला.

"हो. चाकं रुळाला किती धरतात, मोटर किती ओढते, कधी घसरते, ते सगळं गणित माझं."

त्याचा चेहरा जरासा बदलला. रागावला नाही तो. पण खुर्चीत थोडा मागे सरकला.

"अच्छा," तो म्हणाला. "म्हणजे मला गाडीवरून खाली उतरवलं ते तुम्हीच."

मग त्यानं सांगितलं. पाच आठवड्यांपूर्वी त्याची मालगाडी, अठ्ठावन्न डब्यांची, एका लांब चढावर अडकली. पाऊस भुरभुरत होता. चाकं घसरत राहिली, गाडी हटेना, मागे तीन पॅसेंजर गाड्या तीन तास खोळंबल्या. चौकशी बसली. चौकशीवाल्यांनी तोच चढ, तेच वजन, तोच पाऊस माझ्या सिम्युलेटरवर लावला, एका प्रशिक्षकाला बसवलं, आणि गाडी कशी आरामात वर गेली. निकाल सोपा होता. यंत्राला जमतं ते याला जमलं नाही, म्हणजे यानंच नॉच, मोटरची ओढ वाढवायच्या दांड्याचे टप्पे, चुकीचे टाकले. तेव्हापासून तो यार्डात बसून दुसऱ्यांच्या गाड्यांचे कागद तपासत होता.

"आज पहिली बैठक," तो म्हणाला. "तीन मंगळवार चालवून दाखवायचं. मग सही."

"कसली सही?"

तो सांगणार, एवढ्यात दार उघडलं आणि साहेब आत आले. साहेब म्हणजे इथले मुख्य प्रशिक्षक. स्वतः तीस वर्षं गाडी चालवलेले, आता नाकावर अर्धा चष्मा आणि काखेत चहाचा थर्मास घेऊन फिरणारे. त्यांनी माझ्या गालावरचा वळ पाहिला, त्याच्याकडे पाहिलं, आणि काहीही न विचारता म्हणाले, "चला, करा सुरू."

त्याला चालवताना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा खरं सांगते, मी पडद्याकडे पाहतच नव्हते. मी त्याच्या हातांकडे पाहत होते. एकेक नॉच टाकताना तो थांबायचा, जणू मागच्या डब्यांना विचारायचा की आलात का सगळे, आणि मग पुढचा टाकायचा. गाडी चढ चढली. एकदाही न घसरता, लोण्यातून सुरी जावी तशी.

"बघ," साहेब म्हणाले. "त्या दिवशी अशीच चालवली असतीस तर?"

"साहेब, त्या दिवशीही अशीच चालवली होती."

साहेबांनी थर्मासचं झाकण फिरवलं. "यंत्राला काय तुझ्याशी वैर आहे का?" एवढं बोलून ते निघून गेले.

तो मात्र खुर्चीतून उठला नाही.

"चढली," मी म्हटलं. उगाच, काहीतरी बोलायचं म्हणून.

"चढायला नको होती," तो म्हणाला.

बाहेरच्या व्हरांड्यात चहाचं यंत्र आहे. त्यातून गरम पाणी आणि खंत यांचं मिश्रण येतं. दोन कप घेऊन मी त्याच्याशेजारी उभी राहिले. पाऊस येतो-न येतो असा चालला होता.

"खरं सांगा, कसं आहे माझं इंजिन?" मी विचारलं.

"वाईट वाटून घेणार नाही ना?"

"वाटून घेईन. पण सांगा."

तो पहिल्यांदा हसला. "तुमच्या इंजिनाला बूड नाही."

"अं?"

"म्हणजे... खऱ्या इंजिनात घसरण आधी ड्रायव्हरच्या बुडाला कळते. खुर्ची अशी बारीक थरथरते. काटा नंतर हलतो, दिवा त्याहून नंतर लागतो. दिवा लागेपर्यंत थांबला तो संपला. तुमच्याकडे खुर्ची ढिम्म. सगळं काट्यालाच आधी कळतं." त्यानं चहाचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "आणि तुमची वाळू."

चाकं घसरायला लागली की ड्रायव्हर पेडल दाबतो आणि चाकांपुढे रुळावर वाळू पडते, म्हणजे पकड येते. ही वाळूही मीच बनवली होती. मला तिचा अभिमान होता.

"वाळूला काय झालं?"

"संपतच नाही! आमच्या पेट्या दहा मिनिटांत रिकाम्या होतात. कुठून आणता एवढी? थोडी आमच्याकडेही पाठवा की."

मी हसले. गेल्या कित्येक आठवड्यांत पहिल्यांदाच हसले असेन, कारण जबडा चक्क दुखला. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. चार वर्षं इंजिन बनवलं आणि खऱ्या इंजिनात मी एकूण दोनदा बसले होते, तेही उभ्या इंजिनात.

"ती सही कसली, ते राहिलंच," मी म्हटलं.

त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. चढावर नॉच चुकीचे टाकल्यामुळे गाडी अडकली, चूक माझी आहे, पुढे काळजी घेईन. खाली सहीची रिकामी जागा होती.

"सही केली की पुढच्या सोमवारी गाडीवर. नाही केली तर कायमचं यार्ड." त्यानं कागद परत घडी केला. "घरी आईला माहीत नाही. तिला वाटतं मी रोज गाडीवर जातो. कधी पहाटे चारला जेवणाचा डबा घेऊन निघतो आणि यार्डातल्या बाकावर आठ वाजेपर्यंत बसतो. आता त्या बाकाची न् माझी बरीच ओळख झालीय."

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, नुसता थकवा होता. मला वाटलं, या माणसाला कुणीतरी घरी नेऊन दोन दिवस झोपवायला हवं. आणि मग माझ्या लक्षात आलं की 'कुणीतरी' हा शब्द मी उगाच वापरतेय.

दुसऱ्या मंगळवारीही गाडी बिनबोभाट चढली. साहेब म्हणाले, "उत्तम." बाहेर भुरभुर सुरू झाली होती. तो छत्री उघडता उघडता थांबला.

"वेळ आहे?" त्यानं विचारलं. "तुम्हाला एक गोष्ट दाखवायची होती. रुळावरची."

"रूळ दाखवायला नेताय? मुलींना लोक बागेत नेतात."

"बागेत मला काही कळत नाही," तो म्हणाला. आणि कान लाल झाले त्याचे! एवढा अठ्ठावन्न डबे ओढणारा माणूस, पण कान लपवता येईनात.

यार्डात त्यानं मला नारिंगी जाकीट दिलं, ते माझ्या गुडघ्यापर्यंत आलं. "या रुळावर तासभर गाडी येणार नाही, मी लिहून घेतलंय," तो म्हणाला. "तरी दोन्हीकडे बघा." मी बघितलं. त्यानंही बघितलं, डावीकडे, उजवीकडे, आणि मग जरा जास्तच वेळ माझ्याकडे. आम्ही खाली बसलो. त्यानं छत्रीखालच्या कोरड्या रुळावर बोट ठेवायला सांगितलं.

"फिरवा."

मी बोट फिरवलं. रूळ खरखरीत लागला, बोटाला काळी पूड चिकटली.

"लोखंडाची आणि गंजाची पूड आहे ही. चाकं रोज कुटतात. आता इथे." त्यानं छत्री बाजूला केली. भुरभुरीनं ओला झालेला भाग. मी बोट ठेवलं आणि ते सट्‌कन घसरलं, साबणाच्या वडीवरून घसरावं तसं. मी चमकून त्याच्याकडे पाहिलं.

"थांबा, अजून आहे." त्यानं पाण्याची अख्खी बाटली रुळावर ओतली. काळं पाणी खडीत ओघळून गेलं. "आता."

बोट अडलं. स्वच्छ धुतलेल्या ताटावर चर्र वाजावं तसं वाजलं.

"धो धो पावसाला आम्ही नाही घाबरत," तो म्हणाला. "तो रूळ धुऊन टाकतो. घाबरायचं ते या भुरभुरीला. धड पाऊस नाही, धड कोरडं नाही. पूड नुसती भिजते. तिचं वंगण होतं."

माझं बोट काळंकुट्ट झालं होतं. त्यानं खिशातून पुसायचं फडकं काढलं, माझा हात धरला, आणि एकेक पेर सावकाश पुसत राहिला, नॉच टाकताना थांबतो तसा थांबत. एरवी मी तिथेच विरघळले असते. विरघळलेच होते. पण त्याच वेळी मला माझ्या गणितातली पावसाची एक ओळ आठवली.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "दमलेय."

मी खोटं बोलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी यायच्या आत मी ती फाइल उघडली. मला आठवत होतं तसंच होतं. माझ्या गणितात पाऊस म्हणजे शून्य ते दहा. शून्य म्हणजे कोरडं, दहा म्हणजे मुसळधार, आणि पाऊस वाढेल तशी पकड कमी कमी होत जाते, एका सरळ रेषेत. भुरभुर म्हणजे दोन. दोनला चाकं जवळजवळ कोरड्यासारखीच धरत होती. म्हणजे जिथे सगळ्यात जास्त घसरायला हवं तिथे माझं इंजिन अजिबात घसरत नव्हतं. आणि त्या ओळीशेजारी, चार वर्षांपूर्वीच्या कुठल्यातरी दमलेल्या संध्याकाळी, मी स्वतःसाठी चिठ्ठी लिहून ठेवली होती. दोनच शब्दांची. 'नंतर बघू.'

ते नंतर कधी आलंच नाही. आणि त्या दोन शब्दांवर एक माणूस पहाटे चारला डबा घेऊन बाकावर बसत होता.

घरी मी आणि ताई, दोघीच राहतो. ताई रुग्णालयात परिचारिका आहे. तिच्या घरी यायच्या आणि माझ्या निघायच्या वेळा अशा, की आमचा संसार बराचसा फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांवर चालतो. त्या दिवशी मी मुद्दाम तिच्यासाठी थांबले. सगळं सांगितलं. या महिनाअखेरीस सिम्युलेटरला शेवटची मंजुरी मिळायची होती. मग आणखी सहा प्रशिक्षण केंद्रांत ते बसणार होतं, आणि कामाची प्रमुख म्हणून माझं नाव लागणार होतं. हे बाहेर आलं की सगळं थांबणार.

ताई बूट काढायच्या आधीच खुर्चीत बसली होती. "मग गुपचूप दुरुस्त कर की. कुणाला कळतंय?"

"आणि चौकशीचा निकाल? तो कोण दुरुस्त करणार?"

"म्हणजे तू आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेणार."

"हो."

ताईनं डोळे बारीक केले. "हा ड्रायव्हर दिसायला कसा आहे गं?"

"दमलेला," मी म्हटलं.

"आहाहा! मग जमलं की तुमचं. दोघं मिळून जांभया द्या." तिनं एक बूट काढला, हातात धरून क्षणभर बसली. "हे बघ, मागच्या वर्षी माझ्याकडून एका पेशंटच्या कागदावर चुकीची वेळ पडली होती. काही झालं नाही त्याला. पण मी सांगितलं नाही, आणि ते मला अजून टोचतं. तू सांग."

संध्याकाळी मी त्याला फोन केला. चूक माझी आहे, मंगळवारी साहेबांना सांगणार आहे, माझी मंजुरी थांबली तरी चालेल, असं एका दमात बोलून टाकलं.

"नका सांगू," तो म्हणाला.

"काय?"

"मी सही करतो. सोमवारी गाडीवर जाईन, तुमचं कामही होईल. एक सही तर आहे."

"ती खोटी आहे."

"माहीत आहे. पण आता... खरंच कंटाळा आलाय हो. आणि तुमचं नुकसान करून मला गाडी नकोय."

मला इतका राग आला की डोळ्यांत पाणीच आलं. "माझ्यावर उपकार करताय? ऐका, तुम्ही सही केलीत तर उद्या दुसरा कुणीतरी त्याच भुरभुरीत, त्याच चढावर, माझ्या यंत्रावर विश्वास ठेवून जाईल. आणि मी तुमच्या तोंडाकडे कधी बघू शकणार नाही. आणि मला... मला बघायचंय!"

फोन ठेवल्यावर कळलं की मी नक्की काय बोलले. मग तासभर मी उशीत तोंड खुपसून पडून राहिले.

तिसऱ्या मंगळवारी तो कागद घेऊनच आला. इस्त्रीचा गणवेश, खिशाला पेन. माझ्याकडे बघणं टाळत होता. साहेब आत आले, थर्मास ठेवला, आणि ते काही बोलायच्या आत मी म्हटलं, "साहेब, आज तुम्ही चालवा."

"मी?"

"तोच चढ. तेच डबे. भुरभुर पाऊस. फक्त एवढंच."

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. पण ड्रायव्हरला खुर्ची दिली की तो नाही म्हणत नाही. ते बसले. बसण्याची ढबच बदलली त्यांची, पाठ सरळ झाली. गाडी निघाली. पहिला नॉच, दुसरा, तिसरा. चढ लागला. साहेबांचा हात म्हातारा होता पण सुंदर चालत होता. आणि मग अर्ध्या चढावर खुर्ची बारीक थरथरली. भुरभुरीचं गणित, वाळू आणि ही थरथर, शुक्रवारपासून सोमवारपर्यंत तेवढंच करत बसले होते मी.

साहेब दचकले. त्यांनी नॉच कमी केला, वाळूचं पेडल दाबलं, पुन्हा हळूच वाढवला. काटा खाली पडला, घसरणीचा दिवा लागला. पुन्हा वाळू. वाळूची पेटी रिकामी झाली. वेग पाचवर आला, तीनवर आला, आणि अठ्ठावन्न डब्यांची गाडी भुरभुरत्या पावसात चढावर उभी राहिली.

"आता पाऊस वाढवा," मागून तो हळूच म्हणाला. "नऊ करा."

मी गाडी पुन्हा चढाच्या पायथ्याशी आणून पाऊस नऊवर नेला. पडद्यांवर धारा लागल्या. साहेबांनी तीच गाडी, तसेच नॉच टाकून, वर नेली.

"चूक माझी आहे," मी म्हटलं. "चार वर्षांपूर्वीची. भुरभुरीला मी जवळजवळ कोरडं धरलं होतं. चौकशी ज्या यंत्रावर झाली ते यंत्रच चुकीचं होतं. यांचे नॉच बरोबर होते." मी ती ओळ छापून आणली होती, चिठ्ठीसकट. साहेबांनी वाचली. 'नंतर बघू' वर त्यांचं बोट थोडा वेळ राहिलं.

"तीस वर्षं भुरभुरीत गाडी चालवली मी," ते म्हणाले. "मला हे माहीत नव्हतं का? पण चौकशीत यंत्र म्हणालं चढते, म्हणून मीही म्हटलं चढते. दमलो होतो. कागद लवकर संपवायचे होते." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले, आणि मग एकदम माझ्याकडे वळले. "हे तू याच्यासाठी करतेयस का?"

"नाही, साहेब," मी म्हटलं. मग ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं, असं वाटलं. "म्हणजे... हो. पण चूक ती चूकच आहे."

मागे पेन खाली पडल्याचा आवाज आला. साहेबांनी वळून पाहिलं, हात पुढे केला, आणि त्याच्याकडून तो बिनसहीचा कागद घेऊन आपल्या खिशात घातला. "सोमवारी गाडीवर जा," ते म्हणाले. "वर मी बोलतो."

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं काही नाही. त्याला गाडी मिळाली. मला ताकीद मिळाली. मंजुरी लांबली, प्रमुख म्हणून दुसऱ्याचं नाव लागलं, आणि माझ्या वाट्याला सगळं गणित ओळीओळीनं पुन्हा तपासायचं काम आलं. आणखी अकरा ठिकाणी 'नंतर बघू' सापडलं. माझेच शब्द, माझाच आळस.

आणि प्रेम? त्याला वेळच जुळेना. त्याची गाडी निघायची तेव्हा मी घरी यायचे. तो उतरायचा तेव्हा मी निघायचे. दोन-अडीच महिने आमचं सगळं निरोपांवर चाललं. 'उतरलो. झोपतो.' 'उठले. निघते.' 'जेवलीस?' 'तू?' 'आईला सगळं सांगून टाकलं. ती दोन दिवस बोलली नाही, मग म्हणाली, त्या मुलीला बघायचंय.' मी तो निरोप दिवसभरात सतरा वेळा वाचला. उत्तर द्यायला मात्र धीर झाला नाही.

मग एका दुपारी केबिनचं दार उघडलं आणि तो आत आला. अकरा तासांची ड्यूटी करून, पाठीवर पिशवी, डोळे लाल, थेट इंजिनावरून उतरून.

"घरी जायचं ना आधी!" मी ओरडले.

"म्हटलं, नवीन चाकं बघावीत." तो ड्रायव्हरच्या खुर्चीत बसला. मी शेजारच्या. भुरभुर लावली. खुर्ची थरथरली तसा त्याचा हात आपोआप मागे आला, आणि तो माझ्याकडे बघून लहान मुलासारखा हसला. "आता याला बूड आलं!"

"एवढंच सांगायला आलास?"

"नाही." चढ संपला, सपाट रूळ लागला, गाडी आपली आपण धावत होती. "तुला एक विचारायचं होतं. तीन आठवडे ठरवतोय. फोनवर नको म्हटलं. की आपण... म्हणजे तू आणि मी... वेळा नाही जुळत, माहीत आहे, पण तरी आपण..."

मी वाट पाहिली. पुढे काही आलं नाही. मी वळून पाहिलं. त्याची मान खुर्चीच्या कडेला टेकली होती, तोंड किंचित उघडं, आणि स्वारी गाढ झोपली होती!

मला हसू आलं, आणि हसता हसता रडूही आलं. समोर पिवळा दिवा लागला. भोंगा वाजणार, तो उठणार, आणि त्याचा प्रश्न पूर्ण होणार. मी हात लांब केला, त्याच्या कोपराला धक्का न लावता बटण दाबलं, आणि दिवा विझला. मग पुन्हा लागला, पुन्हा दाबलं. मी मोजत राहिले. प्रत्येक वेळी ठरवत होते की आता उठवायचं, आणि प्रत्येक वेळी त्याच्या डोळ्यांखालची वर्तुळं दिसत होती.

बासष्टाव्या वेळी त्यानं डोळे उघडले.

"किती?" त्यानं विचारलं.

"बासष्ट."

"अगं, उठवायचं ना!"

"उठवणारच होते," मी म्हटलं. "अजून एक मिनिट, अजून एक मिनिट, असं करता करता..."

तो हळूच सावरून बसला. "मी काहीतरी विचारत होतो."

"हो."

"कुठपर्यंत आलो होतो?"

"हो म्हटलं ना मी."

"अं? पण मी विचारलंच नाही अजून!"

"मग विचार की. मी काय बासष्ट मिनिटं नुसती बटणं दाबत होते? उत्तर ठरवूनच बसलेय. तुझ्या आईला कधी भेटायचं तेही ठरवलंय."

त्यानं विचारलं. काय ते तुम्हाला सांगणार नाही, ते माझं आहे. एवढंच सांगते की वाक्य त्यानं या वेळी पूर्ण केलं, आणि बोलताना माझे दोन्ही हात त्याच्या दोन्ही हातांत होते.

त्यामुळे पिवळा दिवा लागला तेव्हा बटण दाबायला कुणाचाच हात मोकळा नव्हता. भोंगा वाजला, सबंध इमारतीला ऐकू जाईल असा. आम्ही तरी हललो नाही. मग गाडीनं स्वतःच ब्रेक लावले आणि सपाट रुळावर ती सावकाश उभी राहिली.

दार उघडून साहेबांनी डोकं आत घातलं. "काय रे, कोण झोपलंय?"

"कुणीच नाही, साहेब," तो म्हणाला. "दोघंही जागे आहोत."